चिनी वैद्यक आणि माझ्या भावाचा ताप



मागच्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या भावाला थंडी वाजून ताप आला. आजी म्हणाली, "दवाखाना कायले? मी काढा पाजतो." दोन दिवस काढा झाला, पण ताप हटेना. तिसऱ्या दिवशी आईने आशाताईंना बोलावले. त्यांनी बोट टोचून रक्त तपासले. फॅल्सिपेरम हिवताप निघाला. त्या आईला म्हणाल्या, "हा ताप डोक्यात जातो. असा उशीर करत जाऊ नका." त्यांनी दिलेल्या तीन दिवसांच्या गोळ्यांनी भाऊ बरा झाला.

रिकामे पाकीट मी शाळेत नेले. त्यावरचे 'आर्टेसुनेट' हे नाव वाचून गुरुजी म्हणाले, "याचे मूळ चिनी वैद्यकात आहे." तेव्हा त्यांनी जे समजावून सांगितले ते येथे लिहीत आहे.

चिनी वैद्य दोन हजार वर्षांपासून यिन आणि यांग यांचा विचार करतात. यिन म्हणजे डोंगराची सावलीची बाजू, यांग म्हणजे उन्हाची बाजू. थंड ते यिन, गरम ते यांग. दोन्हींचा तोल बिघडला की माणूस आजारी पडतो, असे ते मानतात. शरीरात 'ची' नावाची शक्ती पाटातल्या पाण्यासारखी वाहते आणि पाट तुंबला की दुखते, असेही ते सांगतात. त्यांची तत्त्वे पाच: लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी. आपल्या पंचमहाभूतांतले वायू आणि आकाश त्यांत नाहीत.

वैद्य रोग्याची जीभ पाहतो, आवाज ऐकतो, वास घेतो, विचारपूस करतो आणि दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटे ठेवून नाडी बघतो. मग बारीक सुया टोचतो, किंवा वाळलेला पाला पेटवून त्याचा शेक देतो, किंवा काढा देतो. काढ्यात ज्येष्ठमध, आले, दालचिनी अशी आपल्या ओळखीची औषधेही असतात. ली शिझेन या वैद्याने सोळाव्या शतकात १८९२ औषधी पदार्थांचा मोठा ग्रंथ लिहिला.

मग हे सगळे खरे का? गुरुजी म्हणाले, "जुने म्हणून खरे नाही आणि जुने म्हणून खोटेही नाही. तपासून पाहावे." 'ची'च्या वाटा शरीरात कोणाला सापडलेल्या नाहीत. सुयांनी काही दुखणी थोडी कमी होतात, पण हिवताप जात नाही. काही चिनी वनस्पतींनी तर लोकांची मूत्रपिंडे बिघडली आहेत.

तपासून काय मिळते, ते तू योयो या चिनी बाईंनी दाखवले. १९६९ साली त्यांच्याकडे हिवतापावर औषध शोधण्याचे काम आले. त्यांनी जुने ग्रंथ धुंडाळले, अनेक वनस्पती तपासल्या. छिंगहाओ ही त्यांतलीच एक, आपल्या दवण्याच्या कुळातली. (पण दवणा खाऊन हिवताप जात नाही बरं का!) तिचा अर्क कधी लागू पडे, कधी नाही. मग चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या ग्रंथात त्यांना दिसले की हा पाला उकळायचा नाही, पाण्यात भिजवून पिळायचा. बाईंच्या लक्षात आले, उष्णतेने गुण जात असेल! त्यांनी ३५ अंशांवरच उकळणारे ईथर वापरून अर्क काढला. १९७१ साली तो उंदरांवर व माकडांवर लागू पडला. १९७२ साली, रोग्यांना देण्याआधी, त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी तो स्वतः घेऊन पाहिला. त्यातून आर्टेमिसिनिन मिळाले आणि त्यापासूनच पुढे आर्टेसुनेट तयार झाले. २०१५ साली बाईंना नोबेल पारितोषिक मिळाले.

हे मी घरी सांगितले. आजी खूश झाली. "म्हणजे पाल्याचंच औषध झालं नं!"

मी म्हटले, "हो आजी, पण तपासलेल्या पाल्याचं. तुझ्यासारखा उकळला असता तर गुण गेला असता."

आजी जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बरं, आता ताप आला का पयले रक्त तपासू. काढा मागून."

मित्रांनो, तुम्हीही घरी एवढेच सांगा. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा. आणि हिवताप निघाला तर, ताप उतरला तरी गोळ्या पूर्ण घ्या.

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी