खव्याच्या जिलेबीचा ताळेबंद

जबलपूर १८६१ पासून १९५६ पर्यंत नागपूरबरोबर एकाच प्रांतात होतं आणि त्याआधी १८१७ पर्यंत ते मराठ्यांच्या अंमलाखाली होतं. तिथे मराठी बिऱ्हाडं रुजली ती या दीर्घ संबंधातून. जुन्या शहरातल्या दीक्षितपुऱ्यासारख्या मोहल्ल्याचं खाणं मात्र कोणा एका भाषेचं नाही. जवळच्या कमानिया गेटच्या परिसरात हरप्रसाद बडकुल यांनी १८८९ मध्ये खव्याची जिलेबी रूढ केली, असं शहर मानतं. खवा, मैदा, आरारूट यांचं घट्ट पीठ मंद आचेवर तुपात तळायचं, गडद रंग येईपर्यंत थांबायचं आणि मग पाकात सोडायचं. इथे घाई चालत नाही. म्हणजे खर्चातला मोठा वाटा दुधाचा आणि इंधनाचा, आणि तो आटवायला जागाच नाही. किलोभर खव्याला साधारण पाच लिटर दूध लागतं, त्यामुळे दूध लिटरमागे दोन रुपयांनी चढलं की खवा किलोमागे दहा रुपयांनी महागतो.

अशी खाद्यघरं गिऱ्हाईक आटल्यामुळे संकटात येतात, असं सहज बोललं जातं. मला खरं कारण वेगळं दिसतं. महागाईचा बोजा पुढे सरकवायची सोय करव्यवस्थेने छोट्या दुकानदाराला ठेवलेलीच नाही. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर दिल्लीत ऑक्टोबर २०२१ मध्ये १७३६.५० रुपयांना होता, मे २०२२ मध्ये २३५५.५० रुपयांना झाला. पुढे भाव उतरले, पण दर महिन्याला बदलणाऱ्या दरावर पदार्थाची किंमत कशी बांधायची? त्यात व्यावसायिक गॅसवर १८ टक्के जीएसटी, घरगुतीवर ५. दोन हजारांच्या सिलिंडरमध्ये सुमारे ३०५ रुपये निव्वळ कर असतो. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेला उपाहारगृहवाला कंपोझिशन योजनेत गेला, तर उलाढालीवर ५ टक्के भरतो, ते गिऱ्हाइकाकडून वेगळे घेऊ शकत नाही आणि गॅसवरच्या कराची वजावटही त्याला नाही. साडेसात हजारांहून महाग खोल्यांच्या हॉटेलातलं रेस्टॉरंट मात्र १८ टक्के आकारून वजावट घेतं. हे मला सरळसरळ अन्यायाचं वाटतं.

पदार्थ इतका चांगला आहे तर भाव वाढवा, असा आक्षेप येईल. सणासुदीचा खरेदीदार वाढीव भाव देईलही. पण मोहल्ल्यातलं दुकान रोज पावशेर नेणाऱ्यावर चालतं, आणि तो पावशेराचा शंभर ग्रॅमवर येतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: गॅसवरच्या करात सवलत दिली तर तिचा गैरवापर होईल. गैरवापर आजही होतोच. धंद्यात घरगुती सिलिंडर वापरायला बंदी आहे, तरी करातला हा फरकच त्या मोहाला खतपाणी घालतो, आणि नियम पाळणारा तोट्यात जातो. कंपोझिशनमधल्या खाद्यघरांना गॅस ५ टक्के करात दिला, तर वरच्या हिशेबाने सिलिंडरमागे सुमारे दोनशे वीस रुपये वाचतील. नोंदणी क्रमांक जीएसटी खात्याकडे असतोच, तेव्हा सवलत त्याच क्रमांकाला जोडता येईल.