तेल्यांच्या घरी नसलेला तेलाचा सण

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत मोहाची फुलं वेचून झाली की मागाहून बिया येतात आणि त्यांचंही तेल निघतं. तेव्हा तेलाचा सण म्हटला की इथल्या माणसाचे कान टवकारणारच. ज्यूंचा हनुक्का तसा आहे. इ. स. पू. १६४ मध्ये त्यांनी जेरुसलेमचं मंदिर ग्रीक राजाकडून परत मिळवलं. दिव्याला एका दिवसापुरतं शुद्ध तेल होतं, ते आठ दिवस पुरलं, अशी कथा. म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरात आठ रात्री दिवे लागतात आणि तळण निघतं. युरोपात बटाट्याचे लाटके, इस्रायलमध्ये सुफगनियोत, म्हणजे आत जॅम भरलेले डोनट. 

आता गंमत बघा. आपले मराठी ज्यू, म्हणजे कोकणातले बेने इस्रायल, पिढ्यानपिढ्या घाणा चालवत. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून त्यांचे पूर्वज किनाऱ्याला लागले, ही त्यांची परंपरा. पण या तेल्यांना तेलाचा सणच ठाऊक नव्हता! बाहेरच्या ज्यूंशी संबंध आल्यावर तो त्यांच्याकडे आला. काहींनी त्यातून अनुमान काढलं, की पूर्वज मंदिराच्या घटनेआधीच निघाले असावेत. मला हा पुरावा लंगडा वाटतो. हनुक्का तोराह या ज्यूंच्या धर्मग्रंथात नाही; असा सण विसरायला शतकं पुरेशी आहेत.

त्यांचा स्वतःचा हिवाळी सण निराळा. जानेवारी-फेब्रुवारीतल्या पौर्णिमेला, ‘तू बिश्वात’ या ज्यू सणाला, ते एलियाहू हनाबीचा उरूस करतात. हा संदेष्टा अलिबागजवळच्या खंडाळ्याहून रथातून स्वर्गाला गेला अशी श्रद्धा. तिथल्या खडकावर रथाच्या खुणा दाखवतात. नैवेद्य मलिद्याचा. पोहे पाण्यातून काढून निथळायचे, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा कालवायचा, भोवती फळं मांडायची. प्रार्थना झाली की सगळ्यांना वाटायचा. लग्नात, नवसफेडीलाही हाच. एवढ्या सगळ्या खटाटोपात कढई चुलीवर चढतच नाही, तेलाचा थेंबही लागत नाही.