विळ्याच्या आकाराची पेशी आणि नैसर्गिक निवड

सुरत जिल्ह्यातील चलथाण व आसपासच्या सहकारी साखर कारखान्यांच्या ऊसतोडीसाठी डांग, धुळे, नंदुरबार ह्या भागांतून आदिवासी कुटुंबे दर हंगामात येतात. दक्षिण गुजरातेतील चौधरी, गामित, वसावा आणि नंदुरबारकडील भिल्ल, पावरा ह्या समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. घरातील मूल वारंवार आजारी पडते, सांधे दुखून रडते, फिकट दिसते. आणि मग घराला शाप लागला आहे, सुनेच्या पायगुणाने हे झाले, असे बोलले जाते. असे घर धर्मशिक्षकाकडे सांत्वनासाठी येते, तेव्हा ह्या आजाराचे मूळ त्यास ठाऊक असणे अगत्याचे आहे. ते मूळ उत्क्रांतीच्या नियमांत आहे.

प्रत्येक माणसास हिमोग्लोबिन घडविणाऱ्या एका विशिष्ट जनुकाच्या दोन प्रती मिळतात. एक पित्याकडून, एक मातेकडून. ह्या जनुकात फार पूर्वी एक सूक्ष्म बदल घडला. १९५०च्या दशकात व्हर्नन इन्ग्रॅम ह्यांनी दाखवून दिले की, त्यामुळे हिमोग्लोबिनच्या एका साखळीत ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. ज्याच्या दोन्ही प्रती अशा बदललेल्या असतात, त्याच्या तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडताच विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात व लवकर नष्ट होतात. एकच प्रत बदललेली असेल तर तो मनुष्य ‘वाहक’ होय. तो सहसा निरोगी असतो.

येथे प्रश्न उभा राहतो. इतका घातक जनुक शेकडो पिढ्यांत नाहीसा का झाला नाही? ह्याचे उत्तर अँथनी अ‍ॅलिसन ह्यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दिले. वाहक मुलांस फाल्सिपारम जातीच्या तीव्र हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. भारतात हा जनुक प्रथम १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत आढळला. पुढे पश्चिम व मध्य भारताच्या डोंगराळ, रानटी हिवतापाच्या प्रदेशांतही तो दिसून आला.

हे एका कल्पित हिशेबाने पाहू. एका पाड्यावर शंभर बालके आहेत, म्हणजे ह्या जनुकाच्या दोनशे प्रती. त्यांपैकी दहात एक, म्हणजे वीस, बदललेल्या आहेत असे धरू. वंशशास्त्राच्या नियमाने ८१ बालके जनुकमुक्त, १८ वाहक आणि १ रोगी असेल. रोगी बालक दगावले. पण हिवतापाने ८१ पैकी ९ बालकेही दगावली, आणि वाहक सारे वाचले. उरलेल्या ९० जणांत १८० प्रती. त्यांत बदललेल्या १८. प्रमाण पुन्हा दहात एकच! एका बाजूने जनुक घटतो, दुसऱ्या बाजूने तगतो. ह्यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. व्यक्ती आपले जनुक पालटू शकत नाही. पिढ्यांमागून पिढ्या पालटते ते लोकसमूहातील जनुकांचे प्रमाण.

आता हिवताप हटला असे समजू. वाहकाचा लाभ संपला. तरी जनुक झपाट्याने जात नाही, कारण वीसपैकी अठरा प्रती निरोगी वाहकांत सुरक्षित असतात. आपल्या हिशेबात पहिल्या पिढीनंतर प्रमाण अकरात एक, नंतर बारात एक, आणि दहा पिढ्यांनीही विसात एक राहील. म्हणजे अडीचशे वर्षांनी केवळ निम्मे! तेव्हा निसर्गावर विसंबून राहता येणार नाही.

ह्यावरून दुसरी गोष्ट स्पष्ट होते. निवड कोणाच्या पापपुण्याचा झाडा घेत नाही. जो जनुक एका भावास हिवतापातून वाचवितो, तोच दोन प्रतींत दुसऱ्यास अंथरुणास खिळवितो. जन्मांधाविषयी शिष्यांनी पाप कोणाचे असे विचारले, तेव्हा प्रभूने तो प्रश्नच नाकारला, हे योहानाच्या शुभवर्तमानाचे वाचक जाणतात. सृष्टी कोणाची, हा श्रद्धेचा प्रश्न. तीत बदल कसे घडतात, हा शास्त्राचा. दुसरे जॉन पॉल ह्यांनी १९९६ मध्ये पोपच्या विज्ञान अकादमीस लिहिताना उत्क्रांतिवाद हा केवळ तर्क राहिलेला नाही, हे मान्य केले होते.

विवाहपूर्व मार्गदर्शनात ह्या ज्ञानाचा थेट उपयोग आहे. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत बालक रोगी असण्याची शक्यता चारात एक असते. तीन मुले निरोगी झाली म्हणून चौथे रोगी होईलच, किंवा एक रोगी झाले म्हणून पुढची तीन वाचतील, असा अर्थ मात्र काढू नये. एकच वाहक व दुसरा जनुकमुक्त असेल तर हा आजार मुलास होत नाही. म्हणून वाहक मुलीस नाकारणे हे अज्ञानही आहे आणि अन्यायही. जनुक माता व पिता दोघांकडून येतो. सुनेस एकटीस दोष देण्यास काहीच आधार नाही.

गुजरात शासनाने २००६ मध्ये सिकलसेल नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. आदिवासी भागांतील सात कोटी लोकांची तपासणी व २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट आहे. हायड्रॉक्सीयुरियासारख्या औषधाने वेदनेचे झटके कमी होतात. धर्मशिक्षकांनी तरुणांस विवाह ठरण्यापूर्वीच रक्ततपासणीस पाठवावे, अहवाल गुप्त राखावा, आणि रोगी बालकाच्या घरी वरचेवर जावे. त्या घराने शाप हा शब्द पुष्कळ ऐकला आहे. त्यास आता खरे कारण कळावे.