कुलूपबंद ध्वनितबकड्या व त्यांचे जतन

दिल्लीत दोन-तीन पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांच्या घरी, मग ते घर करोलबागेत असो वा यमुनेपलीकडच्या एखाद्या नव्या वसाहतीत, दिवाणखान्याच्या कपाटात सीडींची एक चवड पुष्कळदा अजूनही आढळते. तीत नाट्यसंगीत असते, अभंग असतात, ख्यालगायन असते. आणि परदेशी गेलेल्या मुलाने वा भाचीने तिकडून आणलेल्या काही तबकड्याही असतात. या शेवटच्या प्रकारातील काही वेष्टनांवर बारीक अक्षरांत एक सूचना छापलेली असते: ही तबकडी नक्कल-प्रतिबंधित असून संगणकावर ती वाजेलच अशी खात्री नाही. तबकडी विकत घेतली तेव्हा घरात सीडी-प्लेअर होता, म्हणून त्या सूचनेकडे कोणी लक्ष दिले नाही. आता प्लेअर बिघडला आहे, दुरुस्त करणारा मिळत नाही, आणि संगणकात घातलेली तबकडी एक तर ओळखलीच जात नाही, किंवा पहिल्या गाण्याच्या मध्यावर अडखळून थांबते.

तबकडीत मुळात बिघाड झालेला नसतो. तिच्यात काही चुका हेतुपुरस्सर भरलेल्या असतात. त्या चुका कोणत्या, आणि लिनक्स या प्रणालीवर चालणाऱ्या संगणकाच्या साहाय्याने त्यांतून मूळ संगीत कसे वाचविता येते, हे समजण्यासाठी तबकडीच्या घडणीपासून आरंभ केला पाहिजे.

तबकडीची घडण

सीडी ही १२ सेंटिमीटर व्यासाची पॉलिकार्बोनेटची चकती होय. फिलिप्स व सोनी या कंपन्यांनी तिचे प्रमाण ठरविले आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये ती जपानात विक्रीस आली. तिच्यावर मध्यापासून कडेकडे जाणारी एकच सर्पिलाकार रेषा असते. या रेषेचे लगतचे दोन फेरे १.६ मायक्रोमीटर अंतरावर असतात. रेषा उलगडून सरळ केली तर ती पाच किलोमीटरांहून अधिक भरेल. रेषेवर सूक्ष्म खळगे असून त्यांवर पडणारा लेसर किरण कोठे कसा परावर्तित होतो, यावरून यंत्र शून्य व एक हे अंक ओळखते. परावर्तनासाठी ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. त्या थराचे रक्षण करणारे, लेबलाच्या बाजूचे लाखेसारखे आवरणही पातळच असते. पुष्कळ लोक चकचकीत बाजू जपतात आणि लेबलाची बाजू टेबलावर घासू देतात. वस्तुतः दुसरी बाजूच अधिक नाजूक आहे.

ध्वनीची तीव्रता दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून ती डाव्या व उजव्या बाजूंसाठी स्वतंत्रपणे १६ अंकी द्विमान संख्येत लिहिलेली असते. या एकेका मोजणीस नमुना असे म्हणतात. एका सेकंदाचे ७५ भाग केले, तर प्रत्येक भागात संगीताचे २,३५२ बाइट येतात. ७४ मिनिटांच्या तबकडीत असे ३,३३,००० भाग, म्हणजे सुमारे ७८ कोटी बाइट असतात.

इतक्या मोठ्या राशीत एकही अंक चुकू नये, ही अपेक्षा व्यर्थ होय. धूळ, बोटांचे ठसे, चरे यांनी अंक पुसले जाणारच. म्हणून संगीताच्या दर २४ बाइटांमागे ८ बाइट केवळ पडताळणी व दुरुस्ती यांसाठी लिहिलेले असतात. अमेरिकेतील आयर्विंग रीड व गुस्ताव्ह सॉलोमन यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या गणिती पद्धतीचा हा उपयोग आहे. शिवाय लगतचे अंक तबकडीवर एकमेकांपासून दूर विखुरलेले असतात, त्यामुळे एक चरा पडला तरी अनेक ठिकाणचा थोडथोडाच मजकूर जातो. सुमारे अडीच मिलिमीटर लांबीपर्यंतचा खंड या योजनेने पूर्णपणे भरून निघतो.

खंड त्याहून मोठा असेल तर सीडी-प्लेअर अंदाज बांधतो. एक नमुना १०० व त्यानंतरचा तिसरा १०४ असेल, आणि मधला वाचता आला नसेल, तर प्लेअर तेथे १०२ ठेवून पुढे जातो. कानाला हा फरक बहुधा कळत नाही. कीर्तन ऐकणारा श्रोता बुवांनी गिळलेले अक्षर मनातच पुरे करतो, त्यातलाच हा प्रकार. खतावणी तपासणाऱ्या कारकुनाला मात्र अशी सवलत नाही. गळलेला आकडा त्याने अंदाजाने भरला तर हिशेबच खोटा होईल. संगणकाचा ड्राइव्ह हा या कारकुनाच्या जातीचा असतो. श्रोता व कारकून यांच्यातील या भेदावरच नक्कल-प्रतिबंधाची सारी कारागिरी उभी राहिली.

मुद्दाम केलेल्या चुका

१९८२ मध्ये घरगुती संगणकाला तबकडीची नक्कल करता येत नव्हती, म्हणून सीडीच्या प्रमाणात कुलपाची तरतूदच नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस परिस्थिती पालटली आणि ध्वनिमुद्रण कंपन्यांनी नंतरून कुलपे बसविण्याचा प्रयत्न केला. ती स्थूलमानाने तीन प्रकारची होती.

पहिल्या प्रकारात तबकडीच्या आरंभी असणारी अनुक्रमणिका बिघडविलेली असते. साधा प्लेअर पहिल्या सत्राची, म्हणजे एका सलग लेखनाची, अनुक्रमणिका वाचतो व संतुष्ट होतो. संगणकाचा ड्राइव्ह शेवटचे सत्र शोधतो; तेथे त्याला खोटे पत्ते लिहिलेले सापडतात. कडेजवळच्या या खोट्या सत्रावर साध्या शाईच्या जाड पेनाने रेघ ओढली की कुलूप निकामी होते, असे २००२ मध्ये लोकांच्या ध्यानात आले आणि त्या तंत्राची बरीच थट्टा झाली.

दुसऱ्या प्रकारात एक छोटा विंडोज-कार्यक्रम तबकडीवर ठेवलेला असे व तो मालकाला न विचारता संगणकात शिरून नक्कल अडवी. अशाच एका कार्यक्रमाने स्वतःला प्रणालीत दडवून संगणकाची सुरक्षितता धोक्यात आणल्याचे मार्क रुसिनोविच यांनी ३१ ऑक्टोबर २००५ रोजी उघड केले. सोनी-बीएमजी कंपनीला त्या तबकड्या बाजारातून परत घ्याव्या लागल्या.

तिसरा प्रकार जतनाच्या दृष्टीने सर्वांत वाईट. यात दुरुस्तीचे बाइटच ठिकठिकाणी चुकीचे लिहिलेले असतात. प्लेअर त्या जागी अंदाज बांधून पुढे जातो, संगणक अडतो. परंतु दुरुस्तीची ही शिल्लक धुळीसाठी व चऱ्यांसाठी राखून ठेवलेली होती! ती कारखान्यातच खर्ची पडल्यावर पुढे पडणाऱ्या चऱ्याला तोंड देण्यास थोडेच उरते. अशी तबकडी कोरी करकरीत असतानाच अर्धवट चरे पडलेल्या तबकडीसारखी असते. जिची प्रत करण्यास मज्जाव, तिलाच प्रतीची गरज अधिक, असा हा विपर्यास आहे. या तबकड्या प्रमाणात बसत नसल्याने त्यांवर सीडीचे बोधचिन्ह छापू नये, असे फिलिप्स कंपनीने २००२ मध्येच सुचविले होते. २००७ च्या सुमारास ही पद्धत जवळजवळ बंद पडली. विकल्या गेलेल्या तबकड्या मात्र घरोघर राहिल्या.

लिनक्सवर वाचन

दुसऱ्या प्रकारचे कुलूप लिनक्ससमोर आपोआपच गळून पडते, कारण विंडोजसाठी लिहिलेला कार्यक्रम तेथे चालतच नाही. पहिल्या प्रकारासाठी सीडीआरडाओ हा कार्यक्रम उपयोगी पडतो. त्याला केवळ पहिले सत्र वाचण्याची आज्ञा देता येते. मग शेवटच्या सत्रातील खोट्या पत्त्यांशी संबंध उरत नाही. काही ड्राइव्ह तेवढ्यानेही ऐकत नाहीत. अशा वेळी दुसऱ्या बनावटीचा ड्राइव्ह घेणे हाच उपाय होय.

तिसऱ्या प्रकारासाठी धीर हवा. क्रिस्टोफर माँटगोमेरी यांनी लिहिलेला सीडीपॅरानोया हा कार्यक्रम येथे कामास येतो. संगणकीय माहितीच्या तबकडीवर प्रत्येक भागाच्या आरंभी त्याचा पत्ता असतो आणि दुरुस्तीची आणखी एक पायरी असते; संगीताच्या तबकडीवर यांपैकी काहीच नसल्यामुळे ड्राइव्ह कित्येकदा मागितलेल्या जागेच्या थोडा अलीकडून किंवा पलीकडून वाचू लागतो. सीडीपॅरानोया प्रत्येक तुकडा शेजारच्या तुकड्याशी थोडा एकमेकांवर चढवून वाचतो, सामायिक भाग जुळवून पाहतो, आणि जुळेपर्यंत पुनःपुन्हा वाचतो. बाधित भागावर तो बराच वेळ घालवितो. तासाभराच्या तबकडीस कित्येक तास लागले तरी यंत्र बिघडले असे समजू नये. जेथे मूळ अंक मिळतच नाहीत तेथे जवळपासच्या मजकुरावरून काम भागवावे लागते. म्हणून कार्यक्रम दाखवीत असलेली चुकांची नोंद प्रतीबरोबर जपून ठेवावी.

प्रत बिनचूक आहे हे दोन निरनिराळ्या ड्राइव्हवर वाचन करून ताडता येते. मात्र प्रत्येक बनावटीचा ड्राइव्ह काही ठरावीक नमुन्यांइतका मागे वा पुढे सरकून वाचन सुरू करतो. हा सरक आधी वजा केला नाही, तर दोन्ही वाचने बरोबर असूनही ती जुळत नाहीत आणि माणूस निष्कारण हवालदिल होतो. तयार प्रत फ्लॅक या पद्धतीने साठवावी. तीत एकही अंक न गमावता आकार पुष्कळ घटतो, आणि मूळ ध्वनीची पडताळणी-संख्या धारिकेतच राहत असल्याने काही वर्षांनी प्रत शाबूत आहे की नाही ते तपासता येते.

ही प्रत पुन्हा कोऱ्या सीडीवर लिहून निश्चिंत होणे बरे नव्हे. घरी लिहावयाच्या सीडीत खळग्यांऐवजी सेंद्रिय रंगाचा थर असतो व तो प्रकाशाने आणि उष्णतेने फिका पडतो; दिल्लीचा मे-जून त्याला मुळीच मानवत नाही. अशा कोऱ्या तबकड्यांच्या जगातील मोठ्या उत्पादकांपैकी एक, मोझर बेअर, राजधानीच्या वेशीवर नोएडा व ग्रेटर नोएडा येथे होती. १९८३ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरी न्यायाधिकरणाच्या आदेशाने विसर्जनात निघाली. तिच्या नावाच्या तबकड्यांवर कुटुंबांनी लिहून ठेवलेली लग्नांची, मुंजींची ध्वनिमुद्रणेही याच रांगेत उभी आहेत; त्यांना कुलूप नाही, एवढाच फरक. प्रत दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि शक्य तर दोन वेगळ्या घरांत असावी.

कायद्याची बाजू

भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमात खाजगी उपयोगासाठी उचित वापराची मुभा प्रथमपासून होती, परंतु ध्वनिमुद्रण तीत अंतर्भूत नव्हते. २१ जून २०१२ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने ती मुभा, संगणक-कार्यक्रम वगळून, सर्व कृतींना लागू केली. त्याच दुरुस्तीने कलम ६५-अ घालून, हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड सांगितला. मात्र अधिनियमाने जे निषिद्ध केलेले नाही त्यासाठी कुलूप काढण्यास आडकाठी ठेवली नाही. स्वतःच्या तबकडीची स्वतःपुरती प्रत आणि ती प्रत मित्रांत वाटणे किंवा विकणे, या अर्थातच निराळ्या गोष्टी आहेत.

सार्वजनिक संग्रहांची स्थिती अधिक अवघड आहे. अव्यावसायिक ग्रंथालयाला जतनासाठी अंकीय प्रत ठेवण्याची अनुमती आहे खरी, परंतु त्याच्यापाशी त्या कृतीची अंकीय नसलेली प्रत असेल तरच. १९८२ मध्ये पुण्यात सुरू होऊन पुढे दिल्लीस व तेथून गुरुग्रामला गेलेल्या लोकसंगीतशास्त्राच्या संग्रहालयासारख्या ठिकाणी चुंबकीय फिती असतात. फितीला हे कलम लागू पडू शकते. सीडी जन्मतःच अंकीय असल्यामुळे ती त्याच्या शब्दांत बसत नाही. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. २००३ मध्ये निघालेली तबकडी २०६३ संपल्यावर सर्वांस मोकळी होईल. तोपर्यंत तिचा ॲल्युमिनियमचा थर आणि ती वाचणारा एखादा ड्राइव्ह, दोन्ही शिल्लक राहावे लागतील. नव्या संगणकांत ड्राइव्ह बसविण्याची पद्धत आताच बहुतेक बंद झाली आहे.