जुनी मोटारसायकल आणि उस्तादांचा कान

चाकणच्या तळेगाव चौकात पाळी सुटण्याच्या वेळी पाच मिनिटे उभे राहून पाहावे. कंपन्यांच्या बस, कंटेनर आणि त्यांच्या मधल्या फटींतून वाट काढणाऱ्या शेकडो मोटारसायकली. त्यातल्या कितीतरी याच पट्ट्यात जन्मलेल्या. बजाज ऑटोचा चाकणचा कारखाना 1999 मध्ये सुरू झाला. पल्सर इथे घडली, ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीची ड्यूक इथून परदेशी जाते आणि 2023 पासून ब्रिटनच्या ट्रायम्फची चारशे सीसीची गाडीही इथेच बनते. अशा गावात नव्या मोटारसायकलचे कोणाला काय अप्रूप? पण याच गर्दीतून एखादी मरून रंगाची जावा किंवा काळी बुलेट आली की माना वळतात. आणि सर्वांत आधी वळतात त्या दिवसभर नव्या गाड्यांचे नटबोल्ट आवळून आलेल्या मुलांच्या. आम्ही हे अनेकदा पाहिले आहे. ज्या गाड्या या मुलांच्या जन्माआधीच्या काळातल्या, त्यांचे यांना एवढे आकर्षण का, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात आहे.

'जुने ते सोने' हे उत्तर सोपे आहे, पण पुरेसे नाही. जुन्या काळातल्या सगळ्याच वस्तू सुंदर नव्हत्या. जुन्या मोटारसायकलीचे सौंदर्य वेगळे आहे, कारण तिच्यातले जवळजवळ काहीच झाकलेले नसते. इंजिनावरच्या पातळ पट्ट्या, ज्यांना गॅरेजमध्ये 'फिन' म्हणतात, त्या शोभेसाठी नव्हत्या. वारा लागून इंजिन थंड राहावे म्हणून त्या होत्या. टाकीच्या दोन्ही बाजूंचे रबर गुडघ्यांनी गाडी घट्ट धरता यावी म्हणून होते. कोणता भाग काय काम करतो हे बघणाऱ्याला दिसते. नजरेला गाडी समजते, आणि समजलेली गोष्ट माणसाला आवडू लागते. वर्गातही आम्हाला हाच अनुभव येतो.

जावाचेच उदाहरण घ्या. ही मूळची चेकोस्लोव्हाकियाची. फ्रांतिशेक यानेचेक यांनी 1929 मध्ये प्राग शहरात जर्मनीच्या 'वांडरर' कंपनीची गाडी बनवायला घेतली आणि यानेचेकमधला 'जा', वांडररमधला 'वा' जोडून नाव ठेवले. आपल्याकडे मुंबईच्या रुस्तम आणि फारोख इराणी यांनी म्हैसूरला 'आयडियल जावा' हा कारखाना उभारला; 1961 मध्ये तिथून गाड्या निघू लागल्या. पुढे तिचेच नाव येझदी झाले आणि 1996 मध्ये कारखान्याला टाळे लागले. सिलिंडर एक, पण सायलेन्सर दोन. किक मारायचा आणि गिअर टाकायचा दांडा एकच! नवखा माणूस गिअर शोधत बसे आणि शेजारी उभी असलेली पोरे हसत. आजही जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले आपापल्या शहरांत एकत्र जमतात.

बुलेटची गोष्ट याहून निराळी. तिचे मूळ घर इंग्लंडमधले रेडिच. भारतीय लष्कराला सीमेवरच्या गस्तीसाठी दणकट गाडी हवी होती, त्यातून 1955 मध्ये मद्रासला तिची जुळणी सुरू झाली. इंग्लंडची मूळ कंपनी 1970 च्या सुमारास मिटली, मद्रासची मात्र चालत राहिली. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. ती सुरू करणे हीसुद्धा एक कला. किक हळूहळू दाबत न्यायची, हेडलाइटजवळच्या अँमीटरचा काटा मध्यावर आला की थांबायचे, छोटा डीकॉम्प्रेसर ओढून पिस्टन जरासा पुढे सरकवायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग एकाच दमात खाली. घाई केली तर किक उलटी बसते आणि पोटरी आठवडाभर काळीनिळी राहते. ज्या घरात बुलेट होती त्या घरातल्या मुलांनी सब्र हा शब्द किताबात वाचण्याआधी अंगणात पाहिला.

पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात मात्र मध्यमवर्गीयांच्या घरात आधी आली ती स्कूटर. आकुर्डीला इटलीच्या पियाज्यो कंपनीशी करार करून व्हेस्पा बनत होती. करार संपला आणि 1972 मध्ये 'चेतक' आली. तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. समोर उभा एक मुलगा, मागे अम्मी, तिच्या मांडीवर धाकटी, आणि हँडलला अडकवलेली पिशवी. ईदगाहला निघालेले असे कुटुंब आपल्यापैकी कित्येकांच्या आठवणीत असेल. गाडी सुरू होईना की ती एका बाजूला कलती करायची, मग किक. हे कोणत्या पुस्तकात लिहिले होते कोण जाणे, पण साऱ्या हिंदुस्थानाला ठाऊक होते. खेड-चाकणच्या शेतकऱ्यांकडे राजदूत, नंतर एम-80. दुधाच्या किटल्या तिच्यावरूनच डेअरीला जात.

आता गंमत पाहा. चाकणला बनणारी ट्रायम्फची नवी गाडी मुद्दाम जुन्या वळणाची केली आहे: गोल हेडलाइट, फुगीर टाकी. तिच्या इंजिनावरही त्या पट्ट्या आहेत. पण हे इंजिन थंड होते ते मुख्यतः पाण्याने, पट्ट्या राहिल्या त्या डोळ्यांसाठी. 2018 मध्ये पुन्हा बाजारात आलेल्या जावाचेही तसेच. आम्ही याला वाईट म्हणत नाही. गाडी उत्तम आहे, ब्रेक तर जुन्या गाड्यांपेक्षा कितीतरी भरवशाचे, आणि आपल्या मुलांनी चांगल्या ब्रेकची गाडी चालवावी असेच कोणत्याही आईबापाला वाटेल. पण जुने रूप आणि जुनी गाडी यात फरक आहे. नव्या गाडीत बिघाड झाला की तिला संगणक जोडतात आणि तो सांगतो, अमुक भाग बदला. जुन्या गाडीत बिघाड झाला की लोक उस्तादांकडे जातात.

उस्ताद. आम्ही उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे या शब्दाशी आमचे खास नाते आहे. फारसीतून उर्दूत आलेला हा शब्द मराठीत 'वस्ताद' होऊन आखाड्यात गेला. 'मिस्त्री' हा शब्द पोर्तुगिजांच्या 'मेस्त्रे'पासून आलेला, त्याचाही अर्थ तोच: शिकवणारा, आपल्या कामात निपुण. म्हणजे शाळेतल्या खुर्चीवर बसणारे आम्ही आणि गॅरेजच्या ओट्यावर बसणारे ते, दोघांचा हुद्दा भाषेने एकच मानला आहे.

पुण्याच्या नाना पेठेत स्पेअर पार्टची दुकाने, रविवारी-बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात कुठे एखादा मूळचा कार्बोरेटर, कुठे मीटरची काच. आणि गल्लीबोळांत इंजिनवाले, सीटवाले, डेंटिंग-पेंटिंगवाले, लेथवाले. या हुनरात आपल्या समाजातल्या अनेक घराण्यांची हयात गेली. उस्ताद प्लग काढून त्याचा रंग बघतात. बदामी असेल तर ठीक, काळा पडला असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे, पांढरट असेल तर कमी. मग गाडी चालू करून मान जराशी तिरकी करतात आणि ऐकतात. टॅपेट वाजतो आहे, पिस्टनची रिंग गेली आहे की साखळी सैल आहे, हे त्यांना आवाजावरून कळते. वैद्याने नाडी बघावी तसे. आम्हाला विचाराल तर जुन्या मोटारसायकलीचे निम्मे सौंदर्य या कानात आहे. हा कान गेला की ती गाडी काचेआड ठेवायची वस्तू होईल.

आणि तो जाण्याच्या बेतात आहे. ज्यांनी 1970-80 च्या दशकांत हे काम शिकले ते आता साठीच्या पुढे आहेत. त्यांची मुले गॅरेजात यायला तयार नाहीत. याबद्दल हळहळणारे पुष्कळ भेटतात, पण आम्हाला शिक्षक म्हणून दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. बहुतेक उस्ताद हे काम शिकले ते दहाव्या-बाराव्या वर्षी, शाळा सोडून. पाने पुसत, चहा आणत, कधी मार खात. त्यांच्या हाताचे कौतुक करताना त्यांच्याकडून हिरावलेल्या इयत्ता विसरता येत नाहीत. आज सहा ते चौदा वयाच्या मुलाला शिक्षणाचा हक्क आहे आणि 2016 च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला गॅरेजात कामावर ठेवणे हा गुन्हा आहे. हे योग्यच झाले. 'छोटू'च्या जिवावर टिकणारी कला आम्हाला नको. उस्तादांच्या मुलांनी शिकून दुसरी वाट धरली तर त्यात दुःख करण्यासारखे काही नाही. प्रश्न एवढाच की, दहावी झालेल्या, आयटीआय केलेल्या मुलामुलींपर्यंत हा हुनर पोहोचणार कसा? कारखान्यात एकाच जागी उभे राहून दिवसभर एकच काम करणाऱ्या मुलाला अख्खे इंजिन उघडून पुन्हा बसवण्याची संधी क्वचितच मिळते. तळेगाव चौकात त्याची मान वळते ती कदाचित याचसाठी.

कायद्याचीही एक अडचण आहे. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये 'व्हिंटेज' वाहनांचे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे पूर्ण झालेली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी त्यात येते. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, दहा वर्षांनी पुन्हा नोंदणीचे 5,000. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येते. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे अशा कारणांसाठीच रस्त्यावर काढता येते, रोजच्या वापराला नाही. पंधरा वर्षांच्या पुढची आणि पन्नासच्या आतली गाडी असेल तर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण. धुराच्या दृष्टीने हे नियम हवेतच. तेल मिसळलेल्या पेट्रोलवर चालणाऱ्या टू-स्ट्रोक गाडीचा निळसर धूर मुलांच्या छातीला चांगला नाही, मग ती गाडी कितीही देखणी असो. आणि कर्कश आवाजासाठी सायलेन्सर बदलणाऱ्यांना तर जुन्या गाडीचे प्रेमी म्हणूच नये. पोलीस असे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडतात त्याची छायाचित्रे पाहून आम्हाला तरी बरे वाटते.

घरच्यांसाठी आणखी एक गोष्ट. मरहूम वडिलांची गाडी अंगणात झाकून ठेवलेली असते. पूर्वी ती भंगारात गेली असती म्हणून कोणी हिशेब केला नाही. आता नीट राखलेल्या जावाला किंवा बुलेटला लाखाच्या वर मागणी येते. अशी गाडीही तरक्यात मोडते. 'ती भावाचीच' असे गृहीत धरून बहिणींना विचारलेच जात नाही, हे आम्ही एकापेक्षा जास्त घरांत पाहिले. आठवण भावाने ठेवावी, हरकत नाही. पण किंमत धरून बहिणींचा हिस्सा द्यावा किंवा त्यांनी राजीखुशीने सोडावा. कागदही वेळेवर करावेत. मालकाच्या मृत्यूनंतर तीस दिवसांत आरटीओला कळवायचे आणि तीन महिन्यांत नमुना 31 भरून वारसाच्या नावावर गाडी करायची. कागद नसलेली गाडी उस्तादही हातात घ्यायला कचरतात.

आमच्या माहितीतल्या एका उस्तादांकडे सध्या एक शागिर्द आहे. वय तेवीस, आयटीआय झालेला, इथल्याच एका कंपनीत कंत्राटावर. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी तो गॅरेजात येतो. उस्तादांना लिहिण्याची सवय नाही. पॉइंटची फट किती ठेवायची हे ते ब्लेडचे पाते मधून सरकवून ठरवतात. शागिर्दाने फीलर गेज आणून ती फट मोजली आणि दोनशे पानी वहीत मिलिमीटरमध्ये लिहून ठेवली. कोणत्या गाडीला कोणत्या नंबरचे बेअरिंग चालते, कोणता मूळ भाग आता मिळत नाही आणि त्याच्या जागी लेथवर काय करून घ्यावे, हेही त्यात आहे. भाषा अर्धी मराठी, अर्धी उर्दू, लिपी देवनागरी. एखादा शब्द अडला की तो आमच्याकडे येतो, आणि आम्ही सांगितलेला शब्द उस्तादांना पटला तरच लिहितो. कार्बोरेटरची पाने पूर्ण झाली आहेत. आता चेतकच्या मॅग्नेटोचे काम चालू आहे.