घरच्या फिती तबकडीवर कशा उतरवाव्या



१९८२ सालीं दिल्लीस आशियाई क्रीडासामने झाले. त्या सुमारास आपल्याकडील सुस्थित घरांत व्हिडिओयंत्रें येऊं लागलीं आणि पुढील वीस वर्षांत कित्येक लग्नमुंजी कॅसेटींवर उतरल्या. आज त्या कपाटांत धूळ खात पडल्या आहेत. त्यांत जीं माणसें हंसतात, बोलतात, त्यांपैकीं अनेक आतां हयात नाहींत. तीं चित्रें संगणकाच्या साहाय्यानें तबकडीवर कशीं उतरवावीं, हें आज सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम फीत म्हणजे काय तें पाहूं. १९७६ सालीं जपानांत निघालेल्या व्हीएचएस पद्धतीची फीत अर्धा इंच रुंद असते. पॉलिएस्टरच्या पातळ पट्टीवर लोहसंयुगाचे सूक्ष्म कण चिकट द्रव्यानें बसविलेले असतात. त्यांच्या चुंबकत्वांतच चित्र व आवाज सांठविलेला असतो. कालांतरानें हें द्रव्य झिजतें, आणि कोंकणासारख्या दमट प्रदेशांत फितीच्या कडेस पांढरी बुरशी धरते. शिवाय यंत्रेंही दुर्मिळ झालीं. अखेरपर्यंत तीं बनविणाऱ्या जपानांतील फुनाई कंपनीनें २०१६ सालीं तें काम थांबविलें. म्हणून चालतें यंत्र हातीं आहे तोंच हें काम उरकावें.

आतां कृति. कॅसेटीच्या पाठीवर एका कोपऱ्यांत प्लास्टिकची लहानशी पट्टी असते, ती आधीं मोडून काढावी. म्हणजे चुकून दुसरें कांहीं मुद्रित होऊन मूळ चित्र पुसलें जात नाहीं. नंतर कॅसेटीच्या खिडकींतून फीत उजेडांत पाहावी. बुरशी दिसल्यास ती यंत्रांत मुळींच घालूं नये. जाणकाराकडून साफ करून घ्यावी. मीं स्वतः ही दक्षता घेतली नाहीं. बुरसलेली एक कॅसेट घाईनें लावली. ती घाण यंत्रांत राहिली, आणि पुढें लावलेली आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाची फीत आंत गुंतून चुरगळली. तिनें म्हटलेली आरती आतां मध्येंच तुटते.

निर्दोष फीत एकदां टोंकापर्यंत फिरवून पुनः मागें आणावी, म्हणजे तिचा ताण सारखा होतो. मग यंत्राची पिवळी तार चित्रासाठीं व तांबडी आणि पांढरी आवाजासाठीं, अशा तिन्ही तारा कॅप्चर उपकरणास जोडाव्या व तें संगणकास लावावें. तें उपकरण चित्राचें अंकांत रूपांतर करतें. आपल्याकडील पॅल पद्धतींत सेकंदास २५ चित्रें येतात; प्रत्येक चित्र ७२० गुणिले ५७६ बिंदूंचें घ्यावें. येथें घाई चालत नाहीं : तीन तासांच्या फितीस तीन तासच लागतात. चित्र थरथरत असेल, तर टाइम बेस करेक्टर नांवाचें उपकरण मध्यें जोडल्यानें तें स्थिर होतें.

४.७ गिगाबाइटच्या डीव्हीडीवर सुमारें दोन तासांचें चित्र चांगल्या प्रतीचें मावतें. परंतु तबकडीही अमर नव्हे. घरीं लिहिलेल्या तबकडींतील रंगद्रव्य ऊन व उष्णता यांनीं बिघडतें. यास्तव एक प्रत संगणकाच्या हार्ड डिस्कवर व दुसरी परगांवच्या आप्ताकडे ठेवावी. मूळ फीतही टाकूं नये.

अखेरीस घरांतील वडील मंडळींस जवळ बसवून हें चित्र दाखवावें, आणि कोण कोण दिसतें तें विचारून नांवें व साल तबकडीसोबत लिहून ठेवावें. ही माहिती कोणतेंच यंत्र देऊं शकत नाहीं.