आरशातील अक्षरे : काळजी केव्हा करावी, केव्हा करू नये

वार्षिक अहवालात जमाखर्च आणि रुग्णसंख्या यांच्या जोडीला एखाद्या आरोग्यविषयाची सुबोध माहिती द्यावी, असा आमचा प्रयत्न असतो. यंदा निवडलेल्या विषयात बहुधा औषध लागत नाही, शस्त्रक्रियाही लागत नाही. तरीही त्यापायी अनेक घरांचे स्वास्थ्य हरपते. लहान मुलांनी अक्षरे व अंक आरशात दिसावेत तसे उलटे लिहिणे, हा तो विषय होय.

आमच्या बालरोग विभागात एक माता आपल्या पाच वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. त्यांच्या हातातील वहीत जागोजागी लाल शाईची वर्तुळे होती. मुलीने काही अंक उलटे काढले होते आणि एका पानावर तर स्वतःचे संपूर्ण नाव उजवीकडून डावीकडे लिहिले होते. ‘‘हिच्या मेंदूत काही दोष तर नाही ना?’’ हे विचारताना त्या मातेचा स्वर कापत होता. मुलगी मात्र खिडकीतून आवारात उभी असलेली आमची रुग्णवाहिका न्याहाळत होती. तिच्या दर्शनी भागावरील उलटी अक्षरे पाहून ती आनंदाने म्हणाली, ‘‘आई, बघ, गाडीवाले पण माझ्यासारखंच लिहितात!’’

पुढे चाललेल्या वाहनाच्या चालकाला आपल्या आरशात तो शब्द सुलटा दिसावा आणि त्याने वाट मोकळी करून द्यावी, म्हणून रुग्णवाहिकेवर अक्षरे तशी रंगवतात. मोठी माणसे जे हेतुपुरस्सर करतात, ते ही मुलगी सहज खेळता खेळता करीत होती.

असे का घडते?

साधारणतः तीन ते सात या वयात, लेखनाची ओळख होत असताना, पुष्कळ मुले काही काळ अशी अक्षरे काढतात. डावखुरी मुले काढतात, तशी उजव्या हाताने लिहिणारीही काढतात. पानाच्या उजव्या कडेला जागा संपली, की मूल डावीकडे वळते आणि अक्षरेही त्याच्याबरोबर वळतात. कित्येकदा एकच अक्षर दोन्ही बाजूंनी काढून पाहण्यात त्याला गंमत वाटत असते.

यामागील कारण मेंदूच्या एका उपयुक्त सवयीत आहे. गाईचे तोंड डावीकडे असो वा उजवीकडे, ती गायच असते; कपाचा कान कोणत्याही बाजूला असला तरी तो कपच असतो. वस्तूची दिशा बदलली तरी ओळख बदलू नये, ही मेंदूची फार जुनी शक्ती आहे. लेखनकला मात्र जेमतेम पाच हजार वर्षांची आहे. फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास दहान यांनी २००९ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे, की वस्तू व चेहरे ओळखणाऱ्या मेंदूच्या भागालाच आपण वाचनाचे नवे काम शिकवतो. ते शिकताना ‘दिशा बदलली तरी वस्तू तीच’ हा नियम अक्षरांपुरता विसरावा लागतो. उलटे लिहिणारे मूल चुकीचे पाहत नसते. जुना नियम ते अद्याप विसरलेले नसते, इतकेच.

दिशा हा मुख्यतः संकेताचा भाग आहे. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात. आमच्यासारख्या वाणिज्य शाखेत शिकलेल्यांना तर हे चटकन पटेल. देशी नाम्यात जमेची बाजू डावीकडे असते, इंग्रजी पद्धतीच्या खतावणीत तीच उजवीकडे जाते. दोन्ही हिशेब बरोबरच असतात. परंतु कोणती बाजू कोणाची, हे शिकूनच घ्यावे लागते. आपल्या नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. नोटेवरील बोटांना जाणवणारी उठावदार छपाई ज्या कोरीव प्लेटवरून होते, तिच्यावरील आकृती उलटीच असते आणि कागदावर ती सुलटी उमटते.

आपल्या लिपीतील अडचणी

मराठी मुलांपुढे याच जातीच्या काही खास अडचणी येतात. आपले ३ आणि ६ हे जवळजवळ एकमेकांचे आरशातील प्रतिबिंब आहेत. एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेल्या या अंकांवरूनच ‘छत्तीसचा आकडा’ हा वाक्प्रचार आला. पहिली व दुसरी वेलांटीही अशीच समोरासमोरची जोडी आहे. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतील अर्थभेद केवळ काना कोणत्या बाजूला यावर ठरतो. त्यातही पहिली वेलांटी लिहिली जाते अक्षराआधी आणि उच्चारली जाते नंतर.

‘छत्तीस’ ऐकून ६३ लिहिणे ही मात्र निराळी गोष्ट आहे. तेथे अंक उलटा होत नाही, अंकांचा क्रम बदलतो. कारण बोलताना सहा आधी येतात व तीस नंतर. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत दिली गेली व तिच्यावर मोठा वाद झाला, तो याच अडचणीतून.

भीतीचे मूळ

१९२५ साली सॅम्युअल ऑर्टन या अमेरिकन डॉक्टरांनी वाचनाच्या अडचणींचा संबंध उलट्या अक्षरांशी जोडला. पुढील संशोधनातून दिसून आले, की वाचन-अक्षमतेचे, म्हणजेच डिस्लेक्सियाचे, मुख्य मूळ अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालण्यातील अडचणीत असते. २००७ च्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटाने अशा मुलांविषयी समाजात सहानुभूती निर्माण केली, हे त्याचे मोठेच कार्य होय. परंतु उलटे अक्षर दिसले की डिस्लेक्सिया, असाही समज काही पालकांनी करून घेतला. पाचव्या वर्षी केवळ उलट्या अक्षरांवरून असा निष्कर्ष काढता येत नाही.

काय करावे?

मुलाला रागावू नये, चारचौघांत हसू नये, डावखुऱ्या मुलाचा हात बदलू नये. एकच चूक पन्नास वेळा लिहायला लावल्याने लिहिण्याचीच नावड निर्माण होते आणि ती दीर्घकाळ टिकते. आपल्याकडील जुनी धूळपाटी येथे उपयोगी पडते. परातीत बारीक वाळू वा रवा पसरून बोटाने अक्षर गिरवावे. हाताच्या हालचालीतून दिशा मनात ठसते. ओळीच्या डाव्या कडेला एक ठिपका द्यावा व तेथून सुरुवात करण्याची सवय लावावी. उलटे लिहिलेले पान आरशासमोर धरून मुलासह वाचावे. खेळही होतो आणि फरकही त्याच्या ध्यानात येतो.

सल्ला मात्र पुढील परिस्थितीत अवश्य घ्यावा : आठव्या वर्षानंतरही उलटी अक्षरे वारंवार येत असतील, अक्षरे जोडून शब्द वाचणे जमत नसेल, बोलण्यात, ऐकण्यात वा दिसण्यात अडचण असेल, किंवा येत असलेले लेखन मूल विसरू लागले असेल. विशिष्ट अध्ययन अक्षमतेला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्थान मिळालेले असून निदान झालेल्या मुलांना परीक्षेत सवलती मिळू शकतात. प्रौढ व्यक्ती मात्र एकाएकी उलटे लिहू लागली, तर तो पक्षाघाताचा परिणाम असू शकतो. तिला विनाविलंब रुग्णालयात आणावे.

त्या मुलीची दृष्टी, श्रवण व बोलणे तपासून आमच्या डॉक्टर म्हणाल्या, ‘‘ताई, मुलगी अगदी छान आहे. लाल पेन तेवढं काही दिवस कपाटात ठेवा.’’ मग त्यांनी वही भिंतीवरच्या आरशासमोर धरली. मुलीने आपले नाव मोठ्याने वाचले, आणि आल्यापासून प्रथमच त्या मातेच्या चेहऱ्यावर हसू उमटले.

त्या भेटीत केसपेपरच्या शुल्काखेरीज रुग्णालयाकडे काही जमा झाले नाही आणि औषधाची चिठ्ठीही लिहिली गेली नाही. आमच्या ताळेबंदात अशा भेटींना रकाना नाही. तथापि, आपल्या देणग्यांतून जशी उपकरणे येतात, तसाच एका निरोगी मुलाजवळ अर्धा तास बसण्याचा अवकाशही डॉक्टरांना लाभतो, हे विश्वस्त व देणगीदार यांच्या निदर्शनास आम्ही कृतज्ञतापूर्वक आणू इच्छितो.